रस्त्यावरच्या रागाचा पत्ता

गाडी चालवताना शांत राहावं, दीर्घ श्वास घ्यावा, मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजावेत, असा सल्ला कुणी ना कुणी देतच असतं. सल्ला वाईट नाही. पण तो देणाऱ्यानं उसाच्या हंगामात, दिवस मावळल्यावर, धाराशिवहून बेंबळीपर्यंत एकदा स्वतः गाडी आणावी, अशी माझी विनंती आहे. रस्ता वीस-पंचवीस किलोमीटरचा. तेवढ्यात समोरून येणाऱ्या किती गाड्यांनी डिप्पर दिला, किती ट्रॉल्यांच्या मागं लाल दिवा होता, किती मोटारसायकलवाले हात दाखवून वळले, हे त्यानं नीट बघावं. मग शांत राहण्याबद्दल आपण बोलू. या रस्त्यावर येणारा राग खोटा नाही, हे मला आधी सांगायचं आहे. त्याला कारणं आहेत. कारणं लहान लहान आहेत, प्रत्येकावर उपाय आहे, उपाय स्वस्त आहे, आणि तरी तो होत नाही. माणसाला खरा संताप येतो तो यामुळंच.

ट्रॅफिक हे पुण्या-मुंबईचं दुखणं, बेंबळीला कसलं आलंय ट्रॅफिक, असं बाहेरगावचे पाहुणे म्हणतात. त्यांचा हा समज मला पटत नाही. बेंबळी हे आजूबाजूच्या खेड्यांचं येण्याजाण्याचं गाव आहे. पोलीस ठाणं इथं आहे. रुईभर, कनगरा, केशेगाव, पाडोळी या भागातली माणसं या रस्त्यांवर असतात. कोर्टकचेरी, मोठा दवाखाना, रेल्वे यांसाठी सगळ्यांना धाराशिव गाठावं लागतं, आणि दुसऱ्या अंगाला उजनीकडून तुळजापूर-लातूर हमरस्त्याला लागावं लागतं. शहरात निदान सिग्नल असतो, मधे दुभाजक असतो, चौकात पोलीस असतो. इथं डांबराच्या एकाच पट्टीवर बैलगाडी, ट्रॅक्टर, एसटी, टमटम, दुधाच्या किटल्या अडकवलेली मोटारसायकल, शाळेची पोरं आणि पायी चाललेली म्हातारी माणसं अशी सगळी दोन्ही बाजूंनी येतात. प्रत्येकाचा वेग वेगळा, आणि त्यांना वेगळं ठेवणारं मधे काहीच नाही. केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणं २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातले निम्म्याहून कितीतरी जास्त मृत्यू ग्रामीण भागातल्या रस्त्यांवरचे होते. तेव्हा गावाकडच्या रस्त्याबद्दल तक्रार करणं ही चैन नव्हे.

पहिली तक्रार लाईटची. समोरून गाडी आली की फुल लाईट खाली करायचा, हा साधा रिवाज आहे आणि नियमही आहे. त्याचं बटण बोटाशी असतं, स्टेअरिंगवरचा हातसुद्धा उचलावा लागत नाही. आपण डिप्पर देतो. समोरचा देत नाही. आपण दोनदा अप्पर-डिप्पर करून आठवण करून देतो. त्याला वाटतं आपण त्याला डिवचतोय, मग तो वरचे जादा दिवेही लावतो. अलीकडं बाजारात मिळणारे पांढरेफेक एलईडी बल्ब जुन्या हेडलाईटमध्ये बसवून घ्यायची पद्धत पडली आहे. त्या हेडलाईटचा आरसा आणि काच दुसऱ्याच बल्बसाठी घडवलेली असते, त्यामुळं उजेड जिथं पडायला हवा तिथं न पडता समोरच्याच्या डोळ्यात जातो. डोळे दिपले की पुन्हा नीट दिसायला काही सेकंद जातात. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी दर सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त पुढं सरकते. तीन सेकंद दिसलं नाही तर पन्नास मीटर अंतर आपण न बघताच कापलेलं असतं. त्या पन्नास मीटरांत, साईडपट्टीवरून, डोक्यावर गवताचा भारा घेऊन शेतातून घरी निघालेली एखादी बाई असते. तिच्या अंगावर ना लाईट आहे ना हॉर्न. समोरच्यानं बोट हलवलं नाही, त्याची किंमत ती मोजणार. मला राग येतो तो तिच्यासाठी.

दुसरी तक्रार ट्रॉलीची. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होतं आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतं. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांवर उंच रचलेला ऊस, आणि दोन्ही अंगांनी हात-हातभर बाहेर आलेली टोकं. मागं लाल दिवा नसतो. रिफ्लेक्टर असलाच तर धुळीनं माखलेला, नाहीतर खाली लोंबणाऱ्या उसानं झाकलेला. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर दोन मोठे स्पीकर बांधलेले, त्यावर एवढ्या आवाजात गाणं, की आपण मागून दिलेला हॉर्न चालकापर्यंत पोचतच नाही. चढ आला की ओझ्यानं ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतं, आणि मागच्या गाडीवाल्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. टायर बसला तर ट्रॉली आहे तिथंच, रस्त्याच्या निम्म्या अंगावर, उभी राहते. चाकाखाली शेताच्या बांधावरचे मोठे दगड लावतात. टायर बदलून ट्रॉली निघून जाते. दगड तिथंच राहतात. रात्री मोटारसायकलवरून येणाऱ्याला अंधारात ते दगड दिसत नाहीत. ते उचलून कडेला टाकायला किती वेळ लागतो? ज्या हातांनी ते आणले, त्याच हातांनी ते परत नेता येतात.

इथं एक गोष्ट स्वच्छ सांगतो. ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोरावर माझा राग नाही. तो रात्र रात्र कारखान्याच्या आवारात नंबर लागायची वाट बघत थंडीत बसतो. वाहतुकीचे पैसे वजनावर आणि अंतरावर मिळतात, म्हणून ओझं वाढतं, आणि खेप लवकर व्हावी म्हणून झोप कमी होते. गाणंही तो डोळा लागू नये म्हणूनच लावत असेल. पण ट्रॉलीच्या मागच्या फळीवर लाल चकाकणारी पट्टी चिकटवणं त्याच्या हातात नसतं, ते ट्रॉलीच्या मालकाच्या हातात असतं. मालकाला ट्रॅक्टरच्या बॉनेटवर नावं रंगवून घ्यायला, गोंडे लावायला, स्पीकर बसवायला सवड मिळते. पट्टीला मिळत नाही. हा हिशेब मला कुणी समजावून सांगितला तर मी ऐकायला तयार आहे.

तिसरी तक्रार गतिरोधकांची. भारतीय रस्ते परिषदेनं गतिरोधक कसा असावा याचं माप घालून दिलेलं आहे. रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर, म्हणजे ताशी २५ च्या आसपास वेगानं गाडी त्यावरून अलगद जाते. आपल्याकडं गावाच्या वेशीवर जे असतात त्यांत रुंदी वीतभर आणि उंची मनाला येईल तेवढी. पांढरे पट्टे नाहीत, आधी फलक नाही. दिवसा ओळखीमुळं कळतं, रात्री गाडीची खालची बाजू घासली की कळतं. असे गतिरोधक बहुधा एखाद्या अपघातानंतर होतात. गावातलं पोर गाडीखाली येतं, माणसं दुःखानं आणि संतापानं रस्त्यावर येतात, आणि रातोरात मुरूम-सिमेंटचा उंचवटा उभा राहतो. ते दुःख मला समजतं. पण बाळंतपणासाठी अडलेल्या बाईला घेऊन निघालेल्या १०८ च्या रुग्णवाहिकेलाही तोच उंचवटा पार करायचा असतो. पाठीचं दुखणं घेऊन एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही करायचा असतो. मापाचा गतिरोधक करायला जास्तीचं काही लागत नाही, मोजपट्टी लागते.

चौथी तक्रार हॉर्नची. दोन-तीन सुरांत वाजणारा, ताना घेणारा हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियमांनी १९८९ पासून मना केलेला आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवण्याला पहिल्यांदा १,००० आणि पुन्हा केल्यास २,००० रुपये दंड ठेवला. तरी बाजाराच्या दिवशी, जिथं पुढं हलायला तसूभर जागा नाही, तिथं मागचा टेम्पो हॉर्नवरचा हात काढत नाही. पुढं भाजीची पाटी आवरणारी आजी आहे, तिला ऐकू कमी येतं, तिचे गुडघे दुखतात. हॉर्नमुळं ती लवकर उठत नाही, घाबरून चुकीच्या बाजूला मात्र सरकते.

पाचवी तक्रार मोटारसायकलींची, आणि ही सगळ्यांत मोठी, कारण ती आपल्याच घरातल्या पोरांची आहे. मोबाईल कान आणि खांद्याच्या मधे धरून मान वाकडी करून चालवायचं. तिघांनी बसायचं. मागं न बघता, हात न दाखवता उजवीकडच्या पाणंदीत वळायचं. दोन ओळखीचे समोरासमोर भेटले की रस्त्याच्या मधोमध दोन्ही गाड्या थांबवून, इंजिन चालू ठेवून, पाऊस-पाण्याचं बोलायचं. कडेला चार फूट साईडपट्टी मोकळी असते. आपण थांबतो. ते आपल्याकडं बघतात, बोलणं पुरं करतात, मग सरकतात. आठवी-नववीतली पोरं वडिलांची गाडी घेऊन शाळेला येतात. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्यानं गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असं याच २०१९ च्या दुरुस्तीत लिहिलेलं आहे. ते किती घरांत माहीत आहे? जिथं माहीत आहे तिथंही ‘पोरगं लई चांगलं चालवतंय’ हे उत्तर तयार असतं. पोरगं चांगलं चालवत असेलही. त्याच्या अंदाजात समोरची फुल लाईट, दिवा नसलेली ट्रॉली आणि चाकाखालून न उचललेला दगड या तिन्ही गोष्टी एकाच वेळी धरलेल्या नसतात.

आता या सगळ्याच्या उलट बाजूची गोष्ट. याच रस्त्यावर शेळ्यांचा कळप आडवा येतो. जिल्ह्याच्या जुन्या नावानं जी उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते, तीच काळीभोर, लांब कानांची जात. शंभरेक शेळ्या रस्ता भरून येतात, मागं काठी घेतलेला माणूस असतो, आणि कळप सरकेपर्यंत गाडी बंद करून बसावं लागतं. मला राग येत नाही. कुणालाच येताना मी पाहिलेला नाही. नवरात्राच्या तोंडावर तुळजापूरहून भवानीची ज्योत घेऊन गावोगावची तरुण पोरं अनवाणी पळत येतात. ज्योत एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते, मागून टेम्पो हळूहळू येतो. तिथं कितीही वेळ मागं राहावं लागलं तरी माणसं गाडीतूनच हात जोडतात. ट्रॉलीमागं चिडलेला माणूसही तिथं हात जोडतो.

यावरून माझं असं ठाम मत झालं आहे, की थांबावं लागलं म्हणून माणूस चिडत नाही. समोरच्यानं आपल्याला मोजलंच नाही, आपण रस्त्यावर आहोत याची दखलच घेतली नाही, यानं माणूस चिडतो. शेळीला आपण दिसलो नाही तरी तिच्यावर रुसता येत नाही. माणसाला दिसलो आणि तरी त्यानं डिप्पर दिला नाही, हे मनाला लागतं.

या विषयाचा अभ्यास करणारेही याच दिशेनं गेलेले दिसतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये मानसशास्त्राचे प्राध्यापक जेरी डेफेनबाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली वाहनचालकांचा राग मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात ३३ प्रसंग आहेत आणि त्यांचे सहा गट पाडलेले आहेत: दुसऱ्याचे अपमानकारक हावभाव, नियम मोडून गाडी चालवणं, पोलिसांचं असणं, संथ चालवणं, असभ्यपणा आणि वाहतुकीतले अडथळे. ही प्रश्नावली इथल्या रस्त्यासाठी केलेली नाही. तरी असभ्यपणा हा वेगळा गट करावा लागला, याला अर्थ आहे. खड्डा आणि उद्धट माणूस यांमुळं येणारा राग एकच नसतो, हे तिथंही मान्य झालेलं आहे.

त्याआधी, १९६८ साली, अँथनी डूब आणि अॅलन ग्रॉस या दोघांनी कॅलिफोर्नियात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सिग्नल हिरवा झाल्यावरही एक गाडी मुद्दाम जागेवरून हलवायची नाही, आणि मागचा माणूस किती वेळानं हॉर्न वाजवतो ते मोजायचं. पुढं कधी नवीकोरी महागडी गाडी उभी केली, कधी जुनाट. जुनाट गाडीवर जास्त लोकांनी हॉर्न वाजवला आणि लवकर वाजवला. महागड्या गाडीमागं माणसं जास्त वेळ गप्प बसली.

हा प्रयोग बेंबळीच्या रस्त्यावर मुद्दाम करावा लागत नाही. रस्त्यात तिरकी लावलेली पांढरी मोठी गाडी असली, तिच्या पुढं झेंडा असला, मागच्या काचेवर पदाचं नाव असलं, की पाठीमागची सगळी रांग शांत बसते. तिथंच प्रवासी उतरवणारी टमटम असली, तर तिच्या चालकाला चार माणसं चार बाजूंनी बोलतात. त्याचं पोट त्या टमटमवर असतं. मोठ्या गाडीवाल्याचं काम पाच मिनिटं थांबू शकतं. तरी बोल टमटमवाल्याला. म्हणून राग खरा आहे एवढं म्हणून मला थांबता येत नाही. राग खरा असतो, पण त्याला न्याय कळतोच असं नाही. तो जवळचा आणि गरीब पत्ता शोधतो. ज्याच्यावर निघतो तो बहुतेक वेळा त्याचा धनी नसतोच.

गावाकडं या रागाला आणखी एक अडचण आहे, जी शहरात नाही. शहरात कट मारून गेलेला माणूस पुन्हा कधी दिसत नाही. इथं तो पुढच्या फाट्यावरच्या हॉटेलात चहा पीत उभा असतो. असाच एक पोरगा. वळणावर माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाजवळून त्यानं मोटारसायकल अशी घातली, की माझ्या बाजूला बसलेल्या माणसानं दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. गाडी सरळ करून मी फाट्यावर आलो, बोलायचं म्हणून काच खाली केली. तर तो चहाचा ग्लास ठेवून धावतच आला. ‘काका, कधी आलाव? घरी येऊन जावा की. आजी सारखी इचारतीया तुमाला.’ त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता, खराखुरा. आपण कुणाला कट मारला याची त्याला कल्पनाच नव्हती. गाडी चालवताना त्याला माझी गाडी दिसली होती, मी दिसलो नव्हतो.

अशा वेळी माणूस काय बोलणार? आपण म्हणतो, ‘बरं आहे, येतो.’ आणि राग गिळून पुढं जातो. गिळलेला राग जात नाही. तो घरी जेवताना भाजीत मीठ कमी पडल्यावर बाहेर येतो, पोराच्या वहीतल्या अक्षरावर बाहेर येतो. नाहीतर त्याहून वाईट म्हणजे पायात उतरतो आणि अॅक्सिलरेटरवर बसतो. पुढच्या ट्रॉलीला ओलांडताना समोरून येणाऱ्या दिव्याचं अंतर मग आपण नीट जोखत नाही. मला भीती आहे ती या शेवटच्या जागेची. रागानं बोललेला शब्द मागं घेता येतो.

म्हणून मी स्वतःला घालून घेतलेल्या काही गोष्टी इथं लिहितो. त्या मोठ्या नाहीत, पण रोज करता येतात.

पहिली गोष्ट हिशेबाची. ट्रॉलीमागं तीन किलोमीटर ताशी २० च्या वेगानं गेलो तर ९ मिनिटं लागतात. तेच अंतर ताशी ५० नं गेलो असतो तर साडेतीन मिनिटांच्या वर थोडं लागलं असतं. म्हणजे तोटा साडेपाच मिनिटांचाही नाही. वीस किलोमीटरचा सगळा रस्ता ताशी ४० नं कापला तर अर्धा तास, ५० नं कापला तर २४ मिनिटं. सहा मिनिटं. कोर्टाची तारीख असो, दवाखाना असो, शाळा असो, घरातून दहा मिनिटं आधी निघालेल्या माणसाला ही सहा मिनिटं छळत नाहीत. राग बऱ्याचदा घरातून उशिरा निघताना आपल्याबरोबरच गाडीत बसलेला असतो.

दुसरी गोष्ट अंतराची. ट्रॉलीच्या बुडाला चिकटून राहिलं की पुढचं काही दिसत नाही, धूळ आणि पाचट काचेवर येतं आणि चिडचिड वाढते. चार गाड्यांएवढं मागं राहिलं की ट्रॉलीच्या पलीकडचा रस्ता दिसतो, आणि ओलांडायची खरी संधी कधी आहे तेही दिसतं. मधल्या जागेत कुणी घुसलं तर घुसू द्यावं, आपण पुन्हा तेवढं मागं व्हावं.

तिसरी गोष्ट लाईटची. समोरच्यानं डिप्पर दिला नाही तर त्याच्या डोळ्यात आपणही लाईट मारायचा नाही. दोन आंधळे चालक एका आंधळ्या चालकापेक्षा वाईट. नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवायची, वेग उतरवायचा, तो गेला की पुन्हा धरायचा. गवताचा भारा घेऊन निघालेली बाई त्याच डाव्या कडेला असते, म्हणून नजर तिथं असणं दोन्ही अंगांनी बरं.

चौथी गोष्ट पाठलागाची. कट मारून गेलेल्या गाडीमागं जायचं नाही, तिचा नंबर पाठ करत वेग वाढवायचा नाही. डोकं फारच तापलं तर पुढच्या फाट्यावर गाडी बाजूला लावून तोंडावर पाणी मारायचं आणि चहा प्यायचा. या रस्त्यावर ती सोय आहे.

पण एवढ्यावर थांबलं तर मग मीही शांत राहा म्हणणाऱ्यांच्याच रांगेत बसलो. सगळा भार सोसणाऱ्यावर टाकायचा आणि त्रास देणाऱ्याला मोकळं सोडायचं, हे मला मान्य नाही. गाडीत असताना राग पायात उतरू द्यायचा नाही, हे आपलं काम. दुसऱ्या दिवशी, डोकं थंड असताना, तो त्याच्या खऱ्या पत्त्यावर नेऊन द्यायचा, हेही आपलंच काम. गावात राहण्याचा इथं फायदा आहे, कारण इथं पत्ते माहीत असतात. ज्या ट्रॉलीला दिवा नव्हता ती कुणाची, हे चार जणांना विचारलं की कळतं. मालकाच्या ओट्यावर जाऊन बसावं, चहा घ्यावा आणि सांगावं, ‘दाजी, ट्रॉलीच्या मागं पट्टी लावून घ्या, काल अंधारात दिसली नाही.’ शिवी द्यावी लागत नाही. रस्त्यावर ओरडून सांगितलेलं जे ऐकलं जात नाही, ते ओट्यावर बसून सांगितलेलं बहुतेक वेळा ऐकलं जातं. ज्या पोरानं कट मारला त्याच्या घरी जावं, आजीला भेटावं, आणि त्याच्या वडिलांसमोर, त्याला कमीपणा न आणता, काल वळणावर काय झालं ते सांगावं. त्याला मी दिसलो नव्हतो. सांगितल्यावर दिसेन.

रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना गतिरोधकाचं माप लिहून अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. एक अर्ज फाईलमध्ये जातो, त्याच विषयाचे वीस अर्ज आले तर कुणीतरी मोजपट्टी घेऊन येतं. रस्ता सुरक्षेचा सरकारी कार्यक्रम दरवर्षी जानेवारीत होतो. फलक लागतात, गुलाबाची फुलं देतात. फुलं देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण जानेवारीत गाळप निम्म्यावर आलेलं असतं. लाल पट्टी ऑक्टोबरात लागायला हवी, पहिली ट्रॉली भरण्याआधी.

महाराष्ट्रात २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरवतात, आणि ती बरोबर हंगामाच्या तोंडावर येते. तिथं घरकुलाचं, पाण्याचं, दिवाबत्तीचं बोलणं होतं, ते व्हायलाच पाहिजे. त्याच सभेत पाच ओळींचा ठराव मांडता येईल. गावातल्या प्रत्येक ट्रॉलीला मागं आणि बाजूंना चकाकणारी पट्टी असावी. चाकाखालचा दगड ज्यानं लावला त्यानंच उचलावा. शाळेच्या पोरांच्या हाती गाडी देऊ नये. थांबून बोलायचं तर साईडपट्टीवर उतरून बोलावं. आणि समोरून गाडी आली की डिप्पर द्यावा, ती ओळखीची असो वा नसो. यांतल्या एकाही ओळीला निधी लागत नाही, वरची मंजुरी लागत नाही. येत्या ग्रामसभेत हा ठराव मी मांडणार आहे. या रस्त्यानं ज्यांना रोज जावं-यावं लागतं, त्यांनी त्या दिवशी वेळ काढून यावं आणि उभं राहून त्याला दुजोरा द्यावा.